साईंनी केलेली पाठवणी

साईंना राग आला की ते आम्हाला मडक्यांच्या खोलीत घेऊन जात. इतर मालक राग आला की माणसाला बाहेर काढतात, हे आत नेत. कारण त्या खोलीत मोठ्याने बोलायची बंदी होती, आणि ती बंदी त्यांनी स्वतःच घातलेली होती. बाहेर त्यांचा आवाज असा, की आमच्या कारखान्यात कोण उशिरा आलं हे पलीकडच्या बराकीतल्या बायकांना भाजी चिरता चिरता कळे. आत शिरले की मात्र ते कुजबुजत. त्यामुळे माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात कडक शिव्या मी अगदी कानाशी, हळुवार आवाजात ऐकलेल्या आहेत. "अकलेचा दुश्मन," असं ते इतक्या मायेने म्हणत, की काय चुकलं हे बाहेर आल्यावर आठवावं लागे.

त्या खोलीत खडीसाखर धरत असे. कल्याण कॅम्पातली ती एक लष्करी बराक. कॅम्पाचं उल्हासनगर असं बारसं झालं होतं, पण आम्ही सगळे कॅम्पच म्हणत असू. बराकीच्या अर्ध्या भागात भट्टी आणि कढया, मध्ये गोणपाटाचा पडदा, आणि पडद्यामागे ही खोली. फळ्यांवर मडक्यांच्या रांगा, मडक्यांत आडवे बांधलेले दोरे, आणि वरून ओतलेला गरम पाक. मग वर गोधड्या टाकायच्या आणि कित्येक दिवस मडक्याला बोट लावायचं नाही. पाक हळूहळू दोऱ्यावर खडे धरतो. कुणी फळीला धक्का दिला की खडे गळतात आणि तळाला नुसता रवा बसतो, जो कुणी विकत घेत नाही. धक्क्याने पाक बिघडतो हे खरं आहे. आवाजाने बिघडतो की नाही, मला अजून माहीत नाही. साईंचा मात्र तसा पक्का समज होता, आणि त्यांच्या समजुतींशी वाद घालायचा म्हणजे आधी कुजबुजायला शिकावं लागे.

त्यांचं खरं नाव आम्ही कुणी उच्चारत नव्हतो. सिंधी लोक आदराने साईं म्हणतात, तेच आम्ही मराठी आणि बाकीचे कामगार म्हणायचो. शिकारपूरकडचे होते. फाळणीत सगळं तिकडेच राहिलं होतं. येताना काय आणलंत असं विचारलं तर म्हणत, "पाकाची तार किती पाहिजे, ते बोटात घेऊन आलो." अंगठा आणि तर्जनी जवळ आणून हळूच लांब करून दाखवत. तिथल्या हवेलीचं, मळ्याचं रडगाणं मी त्यांच्याकडून कधी ऐकलं नाही.

मला कामावर घेतलं तेही त्याच खोलीत. मी मॅट्रिक झालेला, बदलापूरहून सायकल हाणत, चिखलोलीवरून घामाघूम होऊन आलेला. सर्टिफिकेट पुढे केलं तर त्यांनी ते पाहिलंही नाही. मला आत नेऊन एका स्टुलावर बसवलं आणि कानात म्हणाले, "बस. हिलू नको. मी येते." साईंचं मराठी असंच होतं, त्यात बाई-पुरुष हा भेद त्यांना मान्य नव्हता. मी बसलो. अर्धा-पाऊण तास झाला असेल, कुणी येईना. नाकावर माशी बसली तीही मी उडवली नाही. मग पडदा बाजूला झाला आणि साईं म्हणाले, "हिसाब तू लिहिणार." पडद्याच्या भोकातून ते सगळा वेळ मला बघत होते, हे मला नंतर भट्टीवरच्या धर्माने सांगितलं.

ही नोकरी आमच्या घरात कुणाला सांगण्यासारखी वाटत नव्हती. अण्णा, म्हणजे माझे वडील, शाळामास्तर म्हणून निवृत्त झालेले. गावात कुणी विचारलं तर ते म्हणत, "कल्याणला असतो. फर्ममध्ये." बराक, भट्टी, निर्वासित यातलं काही त्यांच्या तोंडून येत नसे. मीही तसंच सांगायला शिकलो. घरी येण्याआधी मांजर्लीच्या बाजूला नदीवर हातपाय धुवायचो, कारण शर्टाच्या बाह्या पाकाने कडक झालेल्या असत आणि मुंग्या माझ्या मागे घरापर्यंत येत. लग्नाचं बघायला सुरुवात झाली होती. एका मुलीच्या मामांना चौकशीत खरं कळलं, आणि ते अण्णांना म्हणाले, "मास्तर, मुलगा चांगला आहे हो. पण आम्ही लोकांना काय सांगायचं?" अण्णांनी मान खाली घातली. त्या दिवशी त्यांना माझी लाज वाटली आणि मला त्यांना लाज वाटल्याची वाटली.

साईंच्या कारखान्यात 'नोकरी सोडली' असं म्हणायचं नाही. "सोडायला काय, चप्पल आहे?" असं ते विचारत. त्यांच्या मते माणूस एका कामावरून दुसऱ्या कामावर 'दिला' जातो, मुलगी देतात तसा. आणि मुलगी देण्याआधी घर बघावं लागतं. वांगणीच्या डोंगराकडला हा धर्मा एकदा लाकडाच्या वखारीत जायला निघाला. पैसे जास्त होते. साईं स्वतः वखार बघून आले. धर्माच्या होणाऱ्या मालकासमोर तासभर बसले, त्याच्या कामगारांना जेवताना पाहिलं, आणि परत येऊन धर्माला खोलीत नेऊन म्हणाले, "मालक दारू पिते. नाही देणार."

धर्मा बाहेर येऊन म्हणाला, "आयला, मपली आय बी येवढा इचार करीत नाय." पण गेला नाही. साईं नाही म्हणाले, याच्यापुढे त्याचा काही विचार चालत नसे.

मला हे सगळं माहीत होतं. म्हणूनच अंबरनाथला एका नव्या कारखान्यात माझी मुलाखत झाली आणि ऑफिसात कारकुनाची जागा मिळेल असं दिसायला लागलं, तेव्हा मी कितीतरी दिवस साईंना काही बोललो नाही. नोकरी कायमची होती. दोन खोल्यांचं क्वार्टर होतं. 'लोकांना काय सांगायचं' या प्रश्नाला त्या नोकरीत छापील उत्तर होतं. अण्णा तर हो-नाही ठरायच्या आतच गावात सांगून मोकळे झाले होते.

तरी माझं मन होत नव्हतं. साईंकडे मी चुकलो की मला कानात सांगितलं जायचं. माझा डबा आला नाही तर ते आपल्या घरून कोकी, म्हणजे कांदा घातलेली जाड पोळी, मागवायचे आणि मी खाईपर्यंत समोर उभे राहायचे. मोठ्या ऑफिसात असं कोण करणार? कधी वाटायचं, इथेच राहावं. लगेच त्या मामांचा चेहरा आठवायचा. खरं सांगायचं तर, साईंनी धर्माला अडवलं तसं मलाही अडवावं, म्हणजे ठरवण्याचं ओझं माझ्यावर राहणार नाही, असं मला वाटत होतं.

शेवटी एका सकाळी मी मडक्यांच्या खोलीत गेलो. जागा मुद्दाम निवडली होती. तिथे त्यांना ओरडता आलं नसतं.

"साईं, अंबरनाथला नोकरी लागतेय मला."

त्यांनी गोधडी नीट केली. "किती देते?"

मी सांगितलं. त्यांना तेवढं देणं शक्य नव्हतं, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं.

"साहेब कसा आहे?"

"एकदाच बघितला. चांगला वाटला."

"डबा कुठे खाते तिथे? पाणी कुठून पिते? ओरडते काय कोणी?"

"माहीत नाही, साईं."

"काही माहीत नाही आणि चालला. माणूस आहेस की पार्सल?" मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पुट, मी येते बघायला." पुट म्हणजे मुला, बाळा. मी हात जोडले, पाय धरायचे बाकी ठेवले. ऑफिसची रीत वेगळी असते, तिथे असं कुणी येत नाही, मला लोक हसतील, असं सगळं कुजबुजत सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "टांगा किती वाजता सांगू?"

कागदपत्रं दाखवायला मला बोलावलं होतं त्या दिवशी साईं सजून आले. रेशमी कोट, पांढरी सलवार, डोक्यावर आरसे लावलेली टोपी. मांडीवर लाल फडक्यात बांधलेलं एक मडकं आणि नारळ. मडक्यात काय आहे हे मी विचारलं नाही. मला फक्त टांगा उलटावा असं वाटत होतं. फाटकावर दरवानाने मला अडवलं आणि त्यांना सलाम ठोकला. ते कुणी मोठे शेठ असावेत आणि मी त्यांचं सामान उचलणारा, असा त्याचा समज झाला. साईं मला दंडाला धरून आत घेऊन गेले.

साहेब मराठी होते. बारीक, नीटनेटके, टेबलावर कागद सरळ रेषेत लावणारे. त्यांनी साईंना खुर्ची दिली.

"आपण कोण?"

"मी ह्याचा," साईं म्हणाले.

"ह्याचे कोण?"

"आता माझ्याकडे आहे. तुमच्याकडे देणार. म्हणून घर बघायला आलो."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं. पण साईंची आता कुठे सुरुवात होत होती. लेकीच्या बाबतीत काही लपवलं तर पाप लागतं, अशी त्यांची श्रद्धा. त्यामुळे त्यांनी माझं काहीच लपवलं नाही. पोरगा हिशोबाला पक्का आहे, पण दुपारी जेवल्यावर त्याचे डोळे मिटतात. पावसाळ्यात नदी चढली की तो दोन-दोन दिवस उगवत नाही. कुणाला नाही म्हणता येत नाही, त्यामुळे लोक आपलं काम त्याच्या गळ्यात मारतात. "आणि साहब, ह्याच्यावर ओरडू नका. ओरडला की हा जास्ती चुकते. कानात बोला, बरोबर करते." शेजारच्या टेबलावरचे दोन कारकून मान खाली घालून हसत होते. त्यातल्या एकाने हसू दाबायला तोंडात रुमाल कोंबला. माझ्या कानांच्या पाळ्या जळत होत्या. हे माझे कुणी नव्हेत असं वाटायला लागलं होतं, आणि असं वाटतंय याचीही शरम येत होती.

मग साईं उठले, फडकं सोडलं आणि मडकं साहेबांच्या सरळ लावलेल्या कागदांवर ठेवलं. काठोकाठ खडीसाखर होती, हाताने निवडलेली, एकेक खडा सारखा. नारळ त्यांनी साहेबांच्या हातात दिला. "मिसरी आहे. आता बात पक्की." सिंध्यांत लग्न ठरलं की मुलाकडच्यांना नारळ आणि खडीसाखर देतात, त्याला मिसरी म्हणतात. मला ते ठाऊक होतं. साहेबांना नव्हतं.

साहेबांचा चेहरा बदलला, ते उठून उभे राहिले. नारळ त्यांनी निखारा टाकावा तसा टेबलावर टाकला. "हे काय चालवलंय तुम्ही? ऑफिसात वस्तू आणून देता? लाच देताय मला?"

'लाच' हा शब्द साईंना कळला नाही. त्यांनी शेजारच्या कारकुनाकडे पाहिलं. त्याने सांगितलं, "रिश्वत."

साईंचा चेहरा कधी पडलेला मी पाहिला नव्हता. तो त्या वेळी पाहिला. त्यांनी साहेबांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि माझं काय होऊ घातलंय ते त्यांना कळलं. मी तोंड उघडायच्या आत ते बोलायला लागले.

"माफी, साहब. हा पोरगा माझा कोणी नाही. मी मिसरी विकते. तुमच्या कॅन्टीनसाठी नमुना आणला. हा फाटकावर दिसला, बोललो ह्याच्याबरोबर आत घुसते. हा बिचारा मला ओळखत पण नाही."

असं म्हणून त्यांनी मला एक नमस्कार केला, परक्याला करतात तसा. आणि दार ढकलून निघून गेले.

मला हायसं वाटलं. एक क्षणभरच, पण वाटलं. खोलीतून तो रेशमी कोट गेला, ती टोपी गेली, आता मी चारचौघांसारखा उमेदवार उरलो, असं वाटून मी श्वास सोडला. तो श्वास मला अजून ऐकू येतो.

"खरं आहे हे?" साहेबांनी विचारलं.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "ते माझे मालक आहेत. ही लाच नाही. त्यांच्यात लग्न ठरलं की असं देतात. त्यांच्या मते तुम्ही सासरचे."

साहेब खाली बसले. कागद पुन्हा सरळ केले. "ते कळलं मला," ते म्हणाले. "माल विकायला आलेला माणूस तुमची दुपारची झोप कशाला सांगेल? पण हे मडकं इथे राहता कामा नये. घेऊन जा. आणि यायचं की नाही ते सोमवारपर्यंत कळवा."

मी धावत फाटकावर आलो. टांगा गेला होता. ते मडकं काखेत घेऊन मी अंबरनाथहून कॅम्पापर्यंत चालत आलो. वाटेत कुणीही विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्या दिवशी मी सगळं खरं सांगितलं असतं. चालता चालता माझं ठरलं. मी जाणार नव्हतो. ज्या माणसाने माझ्यासाठी मलाच नाकारलं, त्याला सोडून दोन खोल्या घेऊन काय करायचं होतं?

साईं मडक्यांच्या खोलीत होते. कोट काढून ठेवला होता. मी मडकं फळीवर ठेवलं आणि कानाशी जाऊन सांगितलं, "साईं, मी साहेबांना खरं सांगितलं. तुम्ही माझे मालक आहात म्हणालो. आणि मी जात नाही. इथेच राहतो."

मला वाटलं, ते मला जवळ घेतील.

"मूर्ख!" ते ओरडले. त्या खोलीत, बाहेरच्या आवाजात. आणि दोन्ही हात फळीवर आपटले. फळी धडधडली, रांगेतली सगळी मडकी एकमेकांवर वाजली. धर्मा पडद्याशी धावत आला आणि तिथेच थबकला. साईंनी एका मडक्यावरची गोधडी उचलून आत पाहिलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. दोरे मोकळे लोंबत होते. सगळा घाणा रव्यात गेला होता.

माझी मान वर होईना. त्यांनी गोधड्या पुन्हा मडक्यांवर टाकल्या. पुन्हा बोलले ते पहिल्यासारखं कुजबुजून.

"पुट, आपल्या माणसाला मी कधी 'माझा नाही' बोललो नाही. सिंधमध्ये नाही, इथे नाही. आज बोललो. तुझ्यासाठी बोललो. तू राहिला तर ते कशासाठी बोललो?"



"साहेब चांगला आहे," ते म्हणाले. "मी बघितला. रागावला, पण उभा राहून रागावला. आधी मला खुर्ची दिली. जा."

सोमवारी मी अंबरनाथला गेलो आणि सही केली. हा निर्णय माझा की त्यांचा, ते मला आजवर ठरवता आलेलं नाही. एवढं खरं, की पगार आणि क्वार्टर या गोष्टी त्या दिवशी माझ्या डोक्यात नव्हत्या. मी राहिलो असतो तर त्यांच्या तोंडचं ते वाक्य वाया गेलं असतं, म्हणून गेलो. अण्णांना वाटलं, पोराला अक्कल आली. त्यांनी गावात पेढे वाटले.

पुढे मी कॅम्पात काही वेळा गेलो. साईं भट्टीवरून हात हलवत, पण बस म्हणत नसत, काही खायला देत नसत. मी समजून घेतलं. परक्याला केलेला तो नमस्कार त्यांनी खरा केला, असंच मला वाटलं, आणि ते योग्यच आहे असंही वाटलं. मग लाजेने माझं जाणं कमी झालं. लग्न झालं, ते त्या मामांच्याच भाचीशी. पत्रिका दिली, साईं आले नाहीत. कापडात बांधलेली खडीसाखर मात्र धर्माच्या हाती आली.

एका वैशाखात, भर दुपारी, क्वार्टरच्या दारात साईं उभे. वय झालेलं, टोपी घामाने भिजलेली, स्टेशनपासून चालत आलेले. मी गडबडलो. त्यांना खुर्ची पुढे केली. ते बसले नाहीत. आधी दोन्ही खोल्या पाहिल्या, चुलीपाशी वाकून पाहिलं, मोरीचा नळ सोडून बघितला, बंद केला. मग बसले. बायकोने गूळ आणि तांब्याभर पाणी आणून पुढे ठेवलं. त्यांचे ओठ सुकलेले होते. त्यांनी तांब्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"घ्या ना, साईं," मी म्हणालो.

"नको."

तेव्हा माझा बांध फुटला. बायकोसमोरच मी म्हणालो, "साईं, त्या दिवशीचा राग असेल तर माझ्यावर काढा. वाटेल ते बोला. पण माझ्या घरचं पाणी नाकारू नका."

ते माझ्याकडे आश्चर्याने बघायला लागले. मग हसले, आणि जवळ ओढून माझ्या कानात म्हणाले, "राग कसला? मी तुला ह्या घरी दिला. दिलेल्या घरचं पाणी बाप पीत नाही, पुट. आमच्यात चालत नाही. आणि कॅम्पात 'बस' बोललो असतो, तर तू उठला नसता."

म्हणजे इतकी वर्षं त्यांनी मला परकं केलंच नव्हतं. परकं मी स्वतःला केलं होतं, आणि दोष त्यांच्या नमस्काराला देत होतो.

ते फार वेळ थांबले नाहीत. बायकोच्या डोक्यावर हात ठेवला, तिच्या हातात खडीसाखरेची एक पुडी दिली आणि उन्हात निघाले. पोचवायला येऊ नको म्हणाले. मी ओट्यावर उभा राहून पाहत होतो. फाटकाबाहेर चहाचं एक हॉटेल होतं, तिथे ते थांबले आणि पाणी मागून घेतलं. एक ग्लास संपला, त्यांनी पुन्हा हात पुढे केला. मग पुन्हा. त्यांच्यासाठी भरलेला तांब्या माझ्या हातात होता.